बंद मशीनच्या जबड्यातला हात

माझा उजवा हात आज जागेवर आहे तो उरणच्या वाटेवर, खाडीला लागून असलेल्या एका गावातल्या मावशीमुळे. ती माझ्या नात्यातली नाही, माझ्या मुलखातली नाही. उलट त्या आठवड्यात ती मला आणि आमच्या मशीनला रोज सकाळी न चुकता शिव्या घालत होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. पण आधी तिचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला माझं मन घेत नाही. आता काय झालं ते सांगतो.

मी उदगीरकडचा. सातवीचं वर्ष अर्ध्यात सोडलं आणि मामाच्या ओळखीनं मुंबईला आलो, वेल्डिंग शिकलो. ऐंशी सालानंतर खाडीपलीकडं नवं शहर उठायला लागलं, तसा कामाच्या मागं मागं मीही तिकडं सरकलो. घर एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. आईला पत्र लिहिताना पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘मी इथे सुखरूप आहे.’ ते वाक्य खोटं पडू नये याची मला फार धास्ती. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा माणूस मी. गॅसची नळी, वायरचे जोड, सगळं दोन-दोनदा तपासणारा. म्हणून तर जे झालं त्याचा धक्का अजून उतरत नाही. बेफिकीर माणसाच्या हातून झालं असतं तर एक वेळ समजलो असतो.

आमच्या शेठचं एक छोटं बॅकहो होतं, ट्रॅक्टरच्या मागं बसवलेलं. माती खणायला झकास. पण काम निघालं दगडांचं. खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेला एक लांबलचक बांध होता. जमीन नव्या शहराला गेली, आतली भातशेती बंद झाली, आणि बांधाचे दगड काढून नव्या नाल्याच्या काठाला लावायचे असं ठरलं. दगड काळे, गोलसर, वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन गुळगुळीत झालेले. बकेट खाली घालून उचलायला गेलं की दगड घरंगळून परत खाली. ऑपरेटर वैतागून गेला.

शेठनं बंदराच्या कुठल्याशा कामावर अंगठा लावलेलं मशीन पाहिलं होतं. सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून त्यानं माझ्या हातात दिलं. “बकेट म्हणजे चार बोटं. समोर एक अंगठा बसव. दगड चिमटीत आला पाहिजे.”

मी आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा अंगठा कापला, बकेट ज्या लोखंडी दांड्याच्या टोकाला असते त्याच्याखाली धरून पाहिला, बकेट मिटली की दात कुठं टेकतात त्याच्या खडूनं खुणा केल्या. मग जाड प्लेट कापली. दांड्याच्या पोटाला अंगठ्याचं बूड वेल्ड केलं, मागून तिरपा टेकू दिला. आणि दगड सटकू नये म्हणून अंगठ्याच्या आतल्या अंगाला सळईचे तुकडे आडवे चिकटवले. तीन दिवस चाललं होतं ते.

हे तिन्ही दिवस मावशी मशीनसमोरच आपल्या घराच्या दारात बसून सुकट निवडत असायची. वयानं पन्नाशीची, काटक. तो बांध तिच्या घरचा. सासऱ्यानं घातलेला, आणि नवी नवरी असताना तिनं स्वतः डोक्यावरून दगड वाहिलेले. पहिल्याच दिवशी तिनं मला हाक मारली.

“काय रं वेल्डर, चार बोटांनी भागत नाय म्हनून आता आंगठा पन?”

ऑपरेटर मुंबईचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, “मावशी, टेन्शन नको घेऊ, उद्या नखांना लाल पॉलिश पण मारणार आहे.”

“मार. बांगऱ्या पन भर. नी तुज्या शेठच्या घरी नांदाला पाठव, आमच्या दारान कशाला नाचवतंस?”

आम्ही हसलो. ती हसली नाही.

आता चूक सांगतो. मशीन जुनं होतं, बकेटच्या सिलिंडरची सीलं गेलेली. इंजिन बंद करून बकेट वर ठेवली की तेल आतल्या आत झिरपायचं आणि बकेट हळूहळू मान टाकायची. सगळ्यांना ठाऊक होतं. जेवून परत येईस्तोवर ती लोंबलेली दिसायची आणि ऑपरेटर म्हणायचा, “बघ, म्हातारीला डुलकी लागली.” त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, कारण मिटायला तिच्यासमोर काही नव्हतंच. ते समोरचं काहीतरी मी तयार केलं. मोकळ्या तोंडाला मी दाढ बसवली, आणि डुलकी तीच राहिली. तीनदा कुलूप ओढणाऱ्या माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वेल्डिंग संपलं. जनरेटर बंद केला. दांडा आडवा पुढं काढलेला, छातीच्या उंचीवर, बकेट आ वासून वर, खाली अंगठा.

“बकेट जमिनीवर टेकवून जाऊ का?” ऑपरेटरनं विचारलं.

“नको, राहू दे वर. आतली खपली काढायचीय.”

“मग मी जेवून येतो, भाऊ.” चावी खिशात टाकून तो गेला.

वेल्डिंगवर जी काळी खपली धरते ती काढायला मी हात आत घातला. चामड्याचा मोजा घातलेला. मान खाली, डोळे सळईच्या तुकड्यांवर. किती वेळ खरवडत होतो कोण जाणे. हाताच्या पाठीला काहीतरी टेकलं. मला वाटलं, शर्टाची बाही. मी हात हलवला तर हलला नाही. वर पाहिलं. बकेटचा दात माझ्या मोज्यावर बसला होता.

आवाज नाही. इंजिन बंद. कामावरचं दुसरं कुणी जवळ नाही. बंद पडलेलं, थंड लोखंड माझा हात दाबत होतं आणि ते हलताना दिसतसुद्धा नव्हतं. फक्त दुखणं वाढत होतं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला ओरडायचं सुचलंच नाही. मी मशीनला म्हणालो, “अरे, थांब.” माणसाला म्हणावं तसं. मग हाडांपर्यंत कळ गेली आणि मी बोंब ठोकली.

मावशी दारातून उठून आली. कमरेवर हात ठेवून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, बरं झालं. ती म्हणाली, “कुठं अडकलंय? दाखव.”

“पाना घे,” मी ओरडलो. “तिथं, पेटीवर. त्या नळीचा नट सैल कर. तेल सुटू दे. लवकर, मावशी, लवकर!”

तिनं पाना घेतला, नळीपाशी गेली. पाना नटाला लावलासुद्धा. आणि थांबली.

“नट सैल केला तं हे वर जाईल का खाली येईल?”

तेव्हा कुठं मी विचार केला. जे थोडंफार तेल अजून बकेटला धरून होतं, तेच मी तिला सोडायला सांगत होतो. नट फिरला असता तर सगळं वजन एका झटक्यात माझ्या हातावर. अकरा-बारा वर्षं लोखंडात काढलेला माणूस मी, आणि मशीनला कधी हात न लावलेली बाई मला विचारत होती, वर का खाली.

“खाली,” मी म्हणालो.

तिनं पाना टाकला. “आमच्या उघाडीसारका हाय.” उघाडी म्हणजे बांधातून पाणी सोडायची जड लाकडी झडप. जन्मभर ती उचलत आलेली ही बाई. “आदी खाली ठोकला घालाचा, मंग उचलाचा. हलू नको.”

ती पळत घरात गेली. तेवढा वेळ मी एकटा. डोळ्यांपुढं पत्र. ‘मी इथे सुखरूप आहे’ हे आता डाव्या हातानं कसं लिहायचं, एवढंच डोक्यात. मग तेही गेलं. मी नुसता तिच्या दाराकडं बघत राहिलो.

ती आली ती खांद्यावर पहार आणि हातात होडीच्या लाकडाचा एक जुना तुकडा घेऊन. माझ्या हाताशेजारच्या दाताखाली तिनं तो तुकडा माझ्याच हातोडीनं ठोकला. दोन घाव. दाब वाढायचा थांबला, हे मला हाडात कळलं. मग पहारेचं टोक बकेटच्या ओठाखाली घातलं, पहार लोखंडी अंगठ्यावर टेकवली, आणि दुसऱ्या टोकावर पोट टाकून ती लोंबकळली. पाय जमिनीवरून सुटले तिचे. बकेट दोन बोटं वर गेली असेल.

“काड! बगतंस काय? काड!”

हात निघाला. मोजा आतच राहिला.

तिनं मला दारात बसवलं, माठातलं गार पाणी परातीत ओतलं आणि माझा हात त्यात बुडवला. हात माझा वाटत नव्हता. निळा, फुगलेला, दोन बोटांची साल गेलेली.

“करंगली हलव.”

हलवली.

“बाजूची. आता मदली. ही का नाय हलवत? हलव, रं.”

पाचही बोटं हलली. कुठल्या हलण्याला मी रडलो आठवत नाही. ती म्हणाली, “रर तं. पानी खारा नको करू फक्त.”

ऑपरेटर परत आला, आत अडकलेला मोजा पाहिला आणि जागीच बसला. सारखा एकच बोलत होता, “मी टेकवत होतो रे. तूच नको म्हणालास. टेकवत होतो मी.” माझ्याकडं, मावशीकडं, कुणाकडंही न बघता. त्या बडबड्या माणसाला संध्याकाळपर्यंत दुसरं वाक्य सुचलं नाही. उरणच्या डॉक्टरनं हाड शाबूत असल्याचं सांगितलं. “कसं काय राहिलं?” असं त्यानंच मला विचारलं.

हात बरा होईस्तोवर मशीन उभंच होतं. मग मी अंगठ्याच्या बुडाला पिन बसवली, काम नसेल तेव्हा तो दुमडून दांड्याला लावून ठेवायचा. आणि बकेट जमिनीवर टेकल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, हे शेठसमोर सगळ्यांकडून वदवून घेतलं. सगळं झालं आणि मशीन चालू केलं.

मग ते झालं ज्याचा मी विचारच केला नव्हता. दांडा बांधाकडं वळला. बकेट मिटली, अंगठा टेकला, आणि मावशीच्या सासऱ्यानं बसवलेला दगड जागेवरून अलगद सुटून वर आला. एकदाही घसरला नाही. मावशी दारात उभी होती. तिनं वाचवलेल्या हातानं मी तिचाच बांध उचलायची सोय करून दिली होती. मला तिच्याकडं बघवेना. आता शिव्या देईल, द्याव्यात, असं वाटलं.

ती एवढंच म्हणाली, “धरतंय नीट.” आणि आत गेली.

त्यानंतर तिनं आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. मला त्या शिव्यांपेक्षा ते जड गेलं. काम उरकल्यावर मी पेढे घेऊन तिच्याकडं गेलो. विचारलं, “मावशी, तेव्हा का आलात धावून? आम्ही तर तुमचा बांध...”

“मंग काय, बगत बसू?” ती म्हणाली. पेढ्याचा पुडा तिनं शेजारच्या पोरांत वाटून टाकला.

मी हट्टच धरला, काहीतरी सांगा, मी काय करू तुमच्यासाठी. शेवटी ती म्हणाली, खाडीच्या पलीकडं तिच्या दिराचा जमिनीचा तुकडा अजून राहिलाय, भात पिकतं. तिथला बांध दर मोठ्या उधाणाला फुटतो. पोरं सगळी नोकरीला लागली, दगड लावायला माणसं मिळत नाहीत.

“मी येईन,” मी म्हणालो.

ती पहिल्यांदा हसली. “तू? तू मशीन घेऊन येशील.”

“मशीन नाही. मी.”

याला काही वर्षं झाली. मध्ये कामं दूरदूरची लागली, आईचं आजारपण झालं, जायचं राहून जातंय. थंडीत हात अजून ठणकतो, तेव्हा मन जास्तच खातं. म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. मावशी, ज्या उधाणाआधी तुमचा निरोप येईल त्या उधाणाआधी मी येईन. तुम्ही बांधावर उभ्या राहून सांगाल तिथं, तुम्ही ठेवला असता तसा, एकेक दगड याच हातानं ठेवीन, आणि बांध पुरा झाल्याशिवाय परत जाणार नाही.