पाचातून पाच गेले की गाव येतं

माझी नातसून तिच्या दोन लेकरांना शाळेत घालत नाही, घरीच शिकवते. सकाळी कुकरची एक शिट्टी झाली की मोठ्याचं गणित, दुसरी झाली की धाकटीचं वाचन. मधेच गवार निवडायची, मधेच कुणाचं तरी नाक पुसायचं. बिल्डिंगीतल्या बायकांना हे लई नवल वाटतं. परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं की, आजोबा, तुम्ही घरातले वडीलधारे, तुम्ही काही बोलत का नाही. मी म्हटलं, बोलतो की. तिला म्हणतो, आमच्या घरात असं करणारी तू दुसरी.

पहिली माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होईल. नातसूनबाईनं वही-पेन हातात दिलं आणि म्हणाली, बाबा, आजींचं सगळं लिहून काढा. मला काय लिहिता येतं? पण तिच्याबद्दल कुणी विचारलं की बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि बोलायला लागलं की भलतीकडंच जातो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझं शिक्षण दुसरी, तीही उर्दूतली. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला आणि आमच्या गावची शाळा मराठी झाली. उजवीकडून लिहायची पाटी डावीकडून लिहायला सांगितली. माझा बाप म्हणाला, एवढी उलटापालट करण्यापेक्षा ढोरं वळ. मी ढोरं वळली. बायको सोयगावकडची. तिच्या गावात मराठी शाळा नव्यानं निघाली होती, तिथं ती चौथी पास झाली. लग्नात मला कुणी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी बिचकलो असतो.

मी रोडच्या गँगमध्ये होतो. औरंगाबादहून फर्दापूरकडं जाणारा रस्ता आमच्याकडं. तवा औरंगाबादच म्हणायचे. खडी फोडायची, डांबर ओतायचं, खड्डे बुजवायचे. काम पुढं सरकलं की तळ हलायचा. दोन-तीन महिने इथं, मग पाच कोस पुढं. तीन लेकरं झाली, थोरली पोरगी आणि पाठचे दोन पोरगे. त्यांना घालायचं कुठल्या शाळेत? एका गावच्या मास्तरनं नाव घातलं तोवर आमच्या राहुट्या उपटल्या. दुसऱ्या गावचा म्हणाला, पहिल्या गावचा दाखला आणा. बायको म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मीच शिकवते.

मी हसलो होतो. ती बी गँगवरच होती, दिवसभर खडी फोडायची. पहाटे पाणी, भाकरी, मग हजेरी, संध्याकाळी पुन्हा चूल. झोळीत धाकटा. यात शिकवणार कधी? पण तिनं कधी वेगळा वेळ काढलाच नाही. जे चाललंय त्याच्यातच शिकवायची. काठवटीत पीठ पसरलं की थोरलीनं बोटानं त्यात अक्षर काढायचं, बरोबर आलं की ती त्यावर पाणी ओतून मळायची. चुकलं तर मळायची नाही. भाकरी थांबायची. मी भुकेला बसलेलो, आणि पोरीचा ‘ण’ काही जमत नाही. मी म्हणायचो, आवो मास्तरीणबाई, ‘ण’ उद्या खाऊ, आज भाकरी द्या. ती वर बघायची पण नाही.

पाढे भाकरीच्या थापेवर. खडीचे ढीग करून बेरीज. आणि फळा म्हणून डांबराचं रिकामं पिंप. ते काळंच असतं. चुनखडीचा खडा घेतला की झालं काम. तळ हलला की सगळ्यांची भांडीकुंडी ट्रकमध्ये, आणि आमची तिन्ही पोरं पिंप लोटत रस्त्यानं. गँगमधली माणसं म्हणायची, चालली बघा शाळा गडगडत. आणि खरंच, नव्या जागी पोचेपर्यंत कालचा धडा सगळा पुसला जायचा. ती म्हणायची, पिंपावरचा पुसला तर पुसू द्या, डोक्यातला ऱ्हायला पाहिजे.

माझा हात स्थिर म्हणून मुकादमानं दगड रंगवायचं काम मला दिलं होतं. मैलाचे दगड. वर टोपी रंगवायची, खाली पांढरं, त्यावर काळ्यानं गावाचं नाव आणि आकडा. अक्षरं मला येत नव्हती, जुनं पुसट दिसायचं त्यावरून चित्र काढल्यासारखं गिरवायचो. एकदा फर्दापूरचा रफार मी ‘फ’वर बसवला. बायको पाण्याची घागर घेऊन चालली होती, थांबली, म्हणाली, “आवं, हे गाव कुणाच्या तालुक्यात आलं?” घागर खाली ठेवून तिनं मला रफार कुठं द्यायचा ते दाखवलं. मी तिथून अक्षरं शिकायला लागलो. पोरांच्या मागं बसायचो. तिनं मला कधी वेगळं बसवलं नाही, आणि चुकलो तर सोडलं बी नाही.

त्या दगडांवर तिनं वजाबाकी शिकवली. पोरांना घेऊन बाजाराच्या गावाला पायी निघाली की दगडावर पाच. पुढचा दगड चार. एक गेला, किती उरले? चार. असं करत करत शेवटचा दगड गावाच्या वेशीत, त्यावर शून्य. ती विचारायची, आता काय उरलं? पोरं ओरडायची, गाव आलं. झालं. पाचातून पाच गेले की गाव आलं, आमच्या घरात हेच उत्तर. दहा लिहायचं तर ‘एकावर पूज्य’ म्हणायची, तिच्या शाळेत तसंच होतं. पण वजाबाकीत काही उरलं नाही तर गाव आलं. शून्य हा शब्द पोरांनी ऐकलाच नव्हता.

मधे मैल जाऊन किलोमीटर आले. थोरली तवा बारकी होती. फुलंब्रीजवळ आमचा तळ होता, दगडावर औरंगाबाद सतरा होतं, मी साहेबाच्या हुकमानं त्याचं सत्तावीस केलं. सकाळी पोरगी रडत आली की औरंगाबाद रातीतून लांब गेलं. बायको म्हणाली, औरंगाबाद तिथंच हाय बाई, मोजायची काठी बारकी झालीय. मला स्वतःला ते त्या दिवशी कळलं. तोवर मला बी थोडी शंका होतीच.

पोरगी दहा वर्षांची झाली. मुकादमाचा भाचा होता, गँगवरच कामाला, चांगला पोरगा. मुकादम माझ्याशी गोड बोलायला लागला की, दोन-तीन वर्षांत उरकून टाकू. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्यात तवा तसंच होत होतं. बायकोनं ऐकून घेतलं आणि रात्रीची भाकरी वाढताना म्हणाली, हिला पाचवीत घालायची, औरंगाबादला. माझी बहीण शहरात राहायची, तिनं ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. मी म्हटलं, दाखला नाही, पाचवीत कोण घेणार, पहिलीत बारक्या लेकरांत बसवतील. ती म्हणाली, पहिलीत बसवली तर ती लाजंनंच पळून येईल. मग ती आहे आणि तुमची खडी आहे आणि मुकादमाचा भाचा आहे.



जूनमध्ये आम्ही पाचही जण खडीच्या ट्रकमधून औरंगाबादला गेलो. शाळा मोठी, दगडी. हेडमास्तर काळा कोट घातलेले, आवाज मोठा पण माणूस वाईट नव्हता. दाखला नाही म्हटल्यावर म्हणाले, मी परीक्षा घेतो, जमलं तर बघू, नाही जमलं तर पहिलीत. पोरीला आत घेतलं. मला दाराशी उभं राहू दिलं. बायको कडेवर धाकट्याला घेऊन व्हरांड्यात.

पोरीनं वाचून दाखवलं, धडधड. शुद्धलेखन बरं. मग तोंडी गणित. तेरा सत्ते विचारलं, दिलं. पावणेदोन अधिक सव्वा विचारलं, ते बी दिलं. मला वाटलं, झालं आपलं काम. मग सरांनी सोपंच विचारलं, उगाच शेवट करायचा म्हणून.

“पाचातून पाच गेले. काय उरलं?”

“गाव आलं.”

खिडकीशी उभी असलेली पोरं हसली. शिपाई मला हळूच म्हणाला, क्या बोली ये? सरांना वाटलं ती ऐकायला चुकली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, गाव आलं. सर म्हणाले, कुठलं गाव? पोरगी अगदी सरळ म्हणाली, “कुठलं बी. ज्याचं नाव लिव्हलं असंल ते.”

आता सगळेच हसायला लागले. पोरीचे कान लाल झाले. ती माझ्याकडं बघायला लागली आणि मी पायाकडं बघायला लागलो. माझ्या डोळ्यापुढं पहिलीचा वर्ग आला, नंतर खडी आली.

तेवढ्यात बायको मला बाजूला सारून आत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, “सर, आम्ही रस्त्यावरची माणसं. आमच्याकडं तो आकडा दगडावरच असतो, आणि तिथं गाव येतं. मी तिला तसं शिकवलं. हसायचं तर मला हसा, तिला नको.”

सर हसायचे थांबले. पण त्यांना मजा वाटलीच होती, ते लपलं नाही. पोरीकडं वळून म्हणाले, बरं, मग पाचातून सात घालवायचे असतील तर?

  मला वाटलं, हे तर होतच नाही, सर मुद्दाम पाडायला बघतात.

ती म्हणाली, “गाव मागं ऱ्हायलं. दोन दगड फुडं गेलो.”

सरांनी टेबलावर थाप मारली आणि मोठ्यानं हसले, पण आधीसारखं नाही. शिपायाला म्हणाले, पाणी आण हिला. मग बायकोला म्हणाले की, चौथीत बसवतो, एवढं करतो तुमच्यासाठी.

मी हात जोडायला निघालो होतो. चौथी म्हणजे आमच्यासाठी लई झालं. पण ती म्हणाली, “चौथी झाली तिची. माझ्यापाशी झाली.”

सर म्हणाले, बाई, दाखला नाही, काही नाही, आणि वर अट?

“अट नाय सर. चौथीत तिला नवं काय मिळंल तेवढं सांगा, मी बसवते.”

मला वाटलं, आता घालवलं हिनं. मी मागून पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला. सरांनी कपाटातून पाचवीचं पुस्तक काढलं, मधूनच उघडून पोरीपुढं ठेवलं. ती वाचत गेली. एका ‘नौके’वर अडली, कारण होडी तिनं बघितलीच नव्हती. सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, सहामाहीपर्यंत पाचवीत, नापास झाली तर एक इयत्ता खाली. बायकोनं मान हलवली, जणू तिनंच सरांना मुदत दिली.

पोरगी नापास झाली नाही, हे इथंच सांगून टाकतो. पुढं नर्स झाली, नोकरी केली, आता रिटायर होऊन स्वतःच्या नातवंडांना दटावते. मुकादमाचा भाचा बी चांगला निघाला, त्याचंही बरं झालं.

बहिणीच्या दारात पोरीला सोडताना बायको तिला एवढंच म्हणाली, “शाळंत शून्य म्हणत जा. घरी गाव.”

परतताना ट्रक रिकामा होता. पोरं पुढं ड्रायव्हरजवळ, आम्ही मागं. बायको शहराकडं तोंड करून बसली. तसं बसलं की शहराकडं जाणाऱ्यांसाठी लिहिलेली बाजू दिसते, मागं पडत जाणारी. माझ्याच हातचे आकडे. औरंगाबाद चार. औरंगाबाद पाच. ती ओठांत वाचत होती. मी इतकी वर्षं तिच्या तोंडून ते आकडे कमी होताना ऐकले होते. वाढताना त्या दिवशी ऐकले.  तिचा हात धरायला पाहिजे होता, पण ट्रकमध्ये तसं कोण धरतं?

चौक्याच्या घाटाखाली आमचा तळ होता. एकोणीसच्या दगडाजवळ. उतरल्यावर मधल्यानं विचारलं, ताई कवा येणार? तिनं चुनखडी घेतली आणि पिंपावर मोठ्ठा एकोणीस लिहिला. म्हणाली, ताई एवढी लांब हाय, उद्या इथून सुरू करू.

सकाळी चूल पेटली, काठवट निघाली. दोन्ही पोरं पिंपापुढं बसली आणि ती भाकरी थापता थापता एक एक घालवायला लागली. एकोणिसातून एक? अठरा. अठरातून एक? सतरा. पोरांना पुढचं पाठच होतं. ती भरभर खाली आली, तीन, दोन, एक, आणि दोघं एका दमात म्हणाली, गाव आलं. बायको तव्याकडं बघत होती, पण बघत नव्हती.

ती भाकरी करपली. मी ती खाल्ली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या हातची करपलेली तेवढी एकच. आता तशी बी मिळत नाही.