फिटरसाठी स्ट्रुफोली

आमच्या भिवंडीच्या कारखान्यात आलेल्या इटालियन फिटरला मी बुधवारी सांगून टाकलं, "माय वाइफ विल मेक." काय करायचं ते मला धड माहीत नव्हतं, आणि वाइफला तर मी विचारलंही नव्हतं.

झालं होतं असं. शेठने इटलीहून कापड विणायच्या जुन्या रेपियर लूम आणल्या होत्या आणि त्या बसवायला हा पन्नाशीचा गृहस्थ पंधरा दिवसांसाठी आला होता. लूम सुरू करून धाग्याचा ताण जुळवायला घ्यावा, की लाइट जाई. पंधराचे तीस दिवस झाले, त्याचं विमान चुकलं, आणि नाताळ भिवंडीत काढायची पाळी आली. हिंदीतले त्याने शिकलेले पहिले शब्द म्हणजे 'लाइट नहीं'. मॅनेजर मी, त्यामुळे तो ते माझ्याकडे बघून म्हणायचा, जणू लाइट मी खिशात घालून फिरतो.

बुधवारी चहा पिताना तो सांगायला लागला, या दिवसांत आई स्ट्रुफोली करते. पिठाच्या चण्याएवढ्या गोळ्या, तळायच्या, मधात घोळवायच्या, वर रंगीत दाणे. सांगता सांगता गप्प झाला. समोरचा गप्प झाला की मला काहीतरी बोलावंच लागतं.

"उद्या?" रात्री घरी सांगितल्यावर बायको म्हणाली. "उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. माझा उपास, घट मांडायचा. आणि पिठात काय घालतात म्हणालात?"

"अंडी."

"मग झालंच."

"अगं, उद्या त्याचा सण आहे. आपल्यामुळे अडकलाय तो."

"आपल्यामुळे नाही, लाइटमुळे," ती म्हणाली, पण मैद्याचा डबा काढला. अंड्याच्या जागी दही.

गुरुवारी संध्याकाळी तिने शंकरपाळ्यांसारखं घट्ट पीठ मळून अर्ध्या पिठाच्या गोळ्या तळल्या. मी लांब राहायला हवं होतं. मध कमी वाटला, म्हणून ती घटापुढे कहाणी वाचत असताना मी त्यात साखर घालून पाक केला. पाक जरा पुढे गेला. जरा म्हणजे, बोलावल्याप्रमाणे फिटर दारात आला तेव्हा ताटातल्या गोळ्यांचा एकच दगड झाला होता. त्याने तो बोटाने वाजवून पाहिला आणि पाना फिरवल्यासारखा हात केला. मला हसू आलं नाही. घरातला सगळा मध त्या दगडात गेला होता.

"उभे काय राहिलात?" बायको म्हणाली. "मेडिकलवाल्याकडे मध मिळतो. जा."

तीन मेडिकल फिरलो. तिसऱ्याने "खांसी है क्या?" म्हणत आधी औषधाची बाटली पुढे केली, मग मध दिला.

परत आलो तर घरातही लाइट नाही. मेणबत्तीच्या उजेडात फिटर बाह्या सरसावून ओट्याशी उभा. उरलेल्या पिठाच्या दोऱ्या वळून सुरीने बारीक तुकडे करत होता. बायकोचे तुकडे मोठे पडले की "नो, सिन्योरा" म्हणून परत कापायला लावत होता. इतक्या वर्षांत तिला असं सांगायची माझी छाती झाली नव्हती. ती निमूट कापत होती. मला बॅटरी धरायचं काम मिळालं, तर तीही म्हणे हलते.

मध नुसता कोमट केला. गोळ्या तळून, त्यात घोळवून थाळीत गोल रचल्या, वर रंगीत बडीशेप पेरली. त्याने एक उचलायला हात पुढे केला, तो बायकोने अडवला आणि घटाकडे बोट दाखवलं. त्याला काय कळलं कोण जाणे, नैवेद्य होईपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहिला. मग त्याने एक खाल्ली. बायकोने त्यावरच उपास सोडला.

"सेम ॲज मदर?" मी विचारलं.

"नो," तो म्हणाला. मग दुसरी उचलली, मग तिसरी. अर्धी थाळी संपवली आणि उरलेलं डब्यात भरून लॉजवर घेऊन गेला.

मी माझा दगड गरम पाण्यात घालून ताट खरवडत बसलो. महिनाभर एक लूम धड चालली नाही, आणि आता हेही. "सेम नाही म्हणाला," मी कुरकुरलो. "एवढं करून."

बायको कढई पुसत होती.

"त्यात वेलची नाही, म्हणून वेगळं लागतं," ती म्हणाली. "उद्या कारखान्यात विचारा त्यांना, पुढच्या वेळी घातली तर चालते का."