सरदारजींची मोकळी ओळ

साऱ्या महाडात गाण्यासाठी जन्मलेला माणूस एकच होता, आणि तो महाडचा नव्हता. फाळणीनंतर पंजाबातून निघून, कुठं कुठं भटकत, एका बिघडलेल्या ट्रकबरोबर तो इथं आला. ट्रक दुरुस्त होऊन पुढं गेला, माणूस राहिला. आमच्या घरामागच्या खोलीत त्यानं ट्रक दुरुस्तीचं दुकान मांडलं. माझ्या यजमानांचे हे दोस्त. आम्ही त्यांना सरदारजी म्हणायचो.

येताना त्यांनी दोनच वस्तू आणल्या होत्या, एक पाना आणि एक तुंबी. तुंबी म्हणजे आपल्या एकतारीची धाकटी बहीण, पण अशी टणटणायची की शेजारची म्हैस मान वर करायची. सरदारजी ट्रकखाली उताणे पडून गायचे आणि गाणं संपेपर्यंत पान्याला हात लावायचे नाहीत. गोव्याचा एक ड्रायव्हर असाच खोळंबला, चिडला, मग खाली बसला, आणि ट्रक नीट झाला तरी जाईना. भूक लागली की ते दारातूनच विचारायचे, "वैनी, ताक हाय की नाय?" एवढं मराठी त्यांना पहिल्या महिन्यातच आलं होतं. मी परक्यासमोर बोलत नसे. लोटा उंबऱ्यावर ठेवून आत पळायची.

तिकडं ते उरुसांत आणि जत्रांत आपल्या उस्तादांच्या मागं बसून फकिरांची गाणी गायचे. उस्ताद लाहोरकडंच राहिले. धावपळीत निरोपही घेता आला नाही. चेला जिवंत आहे हेही त्यांना ठाऊक नसेल, एवढं बोलून सरदारजी पुन्हा ट्रकखाली शिरायचे.

एका शनिवारी यजमान त्यांना मारुतीच्या देवळात भजनाला घेऊन गेले. सरदारजींनी पहिली ओळ म्हटली, आणि आमच्या रीतीप्रमाणे सगळ्या मंडळानं टाळ वाजवत तीच ओळ मागून म्हटली. सरदारजी उठायलाच लागले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. त्यांच्याकडं गवई गातो आणि लोक नुसते वाहवा करतात. भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "सरदारजी, आमच्यात गानाऱ्याला एकटा सोडत नाय."

त्यानंतर कैक वर्षं त्यांचा एकही शनिवार चुकला नाही. अर्थ कुणालाच कळत नव्हता, तरी आख्ख्या आळीला पंजाबी गाणी पाठ झाली. मलाही झाली, पण ओठांतल्या ओठांत.

पुढं त्यांच्या डोक्यात रेडिओ शिरला. आवाजाला सरहद्द अडवत नाही, उस्ताद ऐकतील, हाच एक ध्यास. ते मुंबईला रेडिओच्या गाण्याच्या परीक्षेला निघाले तेव्हा पगडीला मी भाताची खळ केली होती. काचेच्या खोलीत त्यांनी पहिली ओळ म्हटली, आणि मागून कुणी म्हणेल म्हणून थांबले. दुसरी म्हटली, पुन्हा थांबले. परीक्षकांना वाटलं, गवई ओळी विसरतोय. नापास झाले.

परत आल्यावर ही हकिगत त्यांनी अशी करून दाखवली की आम्ही हसून हसून दमलो. पण तुंबी खुंटीवर गेली ती खाली येईना. यजमान मला म्हणाले, "ट्रक वेळेवर दुरुस्त होतायत. लक्षण बरं नाही."

तिसऱ्या शनिवारी बुवा मंडळ घेऊन दुकानातच आले. त्यांनी सरदारजींची पहिली ओळ म्हटली आणि थांबले. पान्याची खटखट थांबली. मग ट्रकखालून दुसरी ओळ आली.

वर्षानं ते पुन्हा गेले. या वेळी प्रत्येक ओळीनंतर त्यांनी मोकळ्या जागेत तुंबी वाजवली, आणि पास झाले. गाणं लागायच्या दिवसासाठी मुंबईला जाताना उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "वैनी, ओळीमागची ती मोकळी जागा तुमची हाय. दाराआडून म्हना, पन म्हना." माझे ओठ त्यांनी कधी पाहिले, कोण जाणे.

त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलातल्या रेडिओपुढं सारी आळी जमली, आम्ही बायका मागं. सरदारजींनी ओळ म्हटली, तुंबी वाजली, आणि सगळ्यांनी ओळ धरली. यजमान एकदम मागं वळून बघायला लागले. तेव्हा मला कळलं, माझा आवाज मोठ्यानं निघाला होता.

लाहोरकडं कुणी ऐकलं का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरदारजी पुढं मुंबईतच गाऊ लागले, पत्रंही हळूहळू थांबली. रेडिओवर तुंबी वाजली, की शेजारच्या त्या म्हशीची नात अजून मान वर करते. आणि रेडिओवर कुणी एकटं गात असलं, की मी हातातलं काम ठेवून त्याच्या मागं ओळ म्हणते.