भाताची चार शितं

काल दत्तोपंत आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, भाताची चार शितं द्या. आणि त्याचा आल्बमही."

आमचे हे आणि दत्तोपंत, दोघांनाही च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटपटूंची जुनी चित्रं जमवायचा नाद. चित्र अगदी कोरं हवं. कोपरा दुमडला तर किंमत उतरली, पाठीला डिंक लागला तर ते मेलंच. "दत्त्या, तुझ्या विकेटकीपरला पोक आलंय!" असं हे चिडवायचे. यांच्या आल्बममध्ये एकच जागा रिकामी राहिली. ते चित्र दत्तोपंतांकडे होतं आणि हे जाईपर्यंत त्यांनी ते दिलं नाही.

काल त्यांनी तेच चित्र खिशातून काढलं, पाठीला शितं चोळली आणि रिकाम्या जागी अंगठ्याने दाबून बसवलं.

"अहो, वाया गेलं की ते!"

"जाऊ दे. आता हरवायचं कुणाला?"

माणूस गेला की त्याच्या बायकोची विचारपूस सगळे करतात. जन्मभर त्याच्याशी भांडलेल्याला कुणी विचारत नाही. मी त्यांना जेवायला वाढलं. शितं वाळेपर्यंत आल्बम आमच्या दोघांमध्ये उघडाच होता.