वहिनीचा जबाब

माझा मोठा भाऊ अकोल्यात ट्रक चालवायचा. एजंटामार्फत युरोपात गेला आणि दोन वर्षांत तिथल्या तुरुंगात जाऊन बसला. सीमेवर पोलिसांनी त्याच्या ट्रकचं मागचं दार उघडलं, तर खोक्यांच्या आड अकरा माणसं, कुठल्या कुठल्या देशांची, बिनाकागदांची. दादाचं म्हणणं एकच: आत माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच्या वकिलानं घरच्यांचा जबाब मागवला. मी अमरावतीत, राजापेठेत, इंग्रजीच्या शिकवण्या घेते, म्हणून वहिनी बार्शीटाकळीहून माझ्याकडे आली. ती सांगणार, मी इंग्रजीत उतरवणार. खरं सांगते, मला दादाचा भरवसा वाटत नव्हता. दोन पोरांची उत्तरं सारखी दिसली की मला आधी कॉपीच सुचते. स्वभावाला औषध नाही. मागच्या दिवाळीत त्यानं घरावर दुसरा मजला चढवला, तेव्हाही मी मनात म्हटलं होतं, नुसत्या ड्रायव्हरकीत एवढं?

वहिनी मात्र कौतुकानं सांगत सुटली. "लिवा बाई, दारू नाई, बिडी नाई. अन् गाडीची काळजी तं इतकी का इचारू नोका. मांगचं दार उघडून, आतमंदी चढून पाह्यल्याबिगर गाडी कधी हालवली नाई. एकडाव मांजर बसली होती, तं तिलेबी उतरवली."

माझा पेन थांबला.

"काऊन थांबल्या?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी, तो दरखेपी पाह्यत होता, तं त्या दिवशीबी पाह्यलंच असन ना?"

मला वाटलं ती चिडेल, रडेल, निदान नवऱ्याची बाजू तरी घेईल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग थे काढून टाका," ती म्हणाली. "लिवा, का थे मांगं कधीच पाह्यत नाईत."

इतक्या पटकन! म्हणजे हिला माहीत होतं. मला दादाचा संताप आला, तिचाही आला. कधीपासून माहीत आहे, हे विचारायला मात्र माझी जीभ रेटेना. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

मी ते वाक्य खोडलं, तिचं नवं वाक्य घातलं आणि वकिलानं पाठवलेल्या छापील फॉर्मवर सगळं पुन्हा स्वच्छ लिहून काढलं. वहिनीनं सही केली. खाली भाषांतर करणाऱ्यासाठी एक ओळ छापलेली होती: सांगितलेलं सगळं लिहिलं आहे, काहीही गाळलेलं नाही.

वहिनी माझ्या हाताकडे बघत होती. मी सही केली. अकरा माणसं डोळ्यांनी बघून दादानं दार कसं लावून घेतलं असेल, ते मला तेव्हा कळलं.