टेकडीवर कोण ऐकत होतं

मोलगीच्या पुढे आमच्या शाळेच्या गावात फोनला रेंज मिळते ती एकाच टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. एक जण बोलायला लागला की बाकीच्यांनी दहा पावलं लांब, पाठ फिरवून उभं राहायचं. असं कुणी सांगितलेलं नाही, पण लहानथोर सगळे पाळतात.

मी आणि दुसरी बाई, दोघी त्या शाळेवर शिक्षिका, दोघी तापीकाठच्या, एका खोलीत राहायचो. पट कमी म्हणून शाळा बंद करायचं घाटत होतं. मंत्री धडगावला येणार होते, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना निवेदन द्यायचं, हे मी नंदुरबारला गेलेल्या सरपंचांना टेकडीवरून सांगितलं. मागे पाठ करून तीच उभी होती.

दौऱ्याच्या सकाळी दोन पोलीस दारात. "निवेदन द्यायचंय ना मॅडम? आज घरीच थांबा." गावकऱ्यांची जीप घाटातच अडवली.

माझं डोकं फिरलं. ऐकणारी तर एकच होती. तिचा मामा पोलिसात आहे, हेही नेमकं तेव्हाच आठवलं. तिनं चहा पुढे केला, तर वाटलं, आज एवढी माया कशाला? शेवटी तोंडावर विचारलं, "तुन्हाशिवाय तठे व्हतं कोन?"

"इतला बी भरोसा नही का मन्हावर?" एवढंच बोलून ती संध्याकाळी अंगणवाडीच्या बाईंकडे राहायला गेली.

महिन्यानं मला ठाण्यात जबाबाला बोलावलं. जमादारानं कागद काढून वाचायला घेतला. माझे फोन, तारीखवार. सरपंचांशी बोललेलं शब्दन् शब्द. आणि दिवाळीत माहेरच्या ओसरीवरून मावशीला आईच्या गुडघ्याबद्दल सांगितलेलं, तेही. तिथं तर ती नव्हतीच. मला रागापेक्षा लाज जास्त वाटली.

नंदुरबारच्या वकिलांना विचारलं, फोन कंपनीवर दावा लावता येईल का? ते म्हणाले, "सरकारच्या हुकमानं माहिती दिली म्हणतील. मग कंपनीला हात लावता येत नाही, कायद्यातच तशी सोय आहे." हुकूम बघायला मिळेल का? तर तो गोपनीय. खाली टपरीवर दोन पक्षांचे कार्यकर्ते याच कायद्यावरून हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणे देशासाठी, दुसरा म्हणे हुकूमशाही. दुसऱ्याचं सरकार होतं तेव्हा तो काय म्हणायचा, ते मला चांगलं आठवत होतं.

कंपनी सुटली, हुकूम काढणारे साहेब सुटले. मला कोण सोडणार होतं? मी अंगणवाडीच्या बाईंकडे गेले. "मन्हं चुकनं," म्हणाले.

"जाऊ दे, व्हई गयं," ती म्हणाली. चहाही दिला. पण खोलीवर परत आली नाही.

आताही टेकडीवर आमची गाठ पडते. मी फोन लावला की ती दहा पावलांवर थांबत नाही. पार खाली रस्त्यापर्यंत उतरते, आणि मला दिसेल अशी, उघड्यावर उभी राहते.