खेचरवाल्या अप्पांची माती

अप्पा गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ‘वीर योद्ध्यास मानवंदना’ असं लिहून खाली बंदूक रोखलेल्या एका देखण्या जवानाचा फोटो टाकला होता. तो अप्पांचा नव्हता. इंटरनेटवरून उचललेला कुणी मॉडेल असावा. दहा मिनिटांत पन्नासेक जणांनी हात जोडले… त्यातले चारजणही या माणसाशी कधी नीट बोलले नव्हते.

अप्पा म्हणजे मल्लप्पा, निलंग्याकडचे. मुलगा महेश इथे परदेशात, वन-नॉर्थच्या टेक पार्कात मोठ्या हुद्द्यावर. आई वारल्यावर त्याने वडिलांना बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत, आपल्या फ्लॅटवर आणून ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर. मी त्याच आवारात राहणारा निवृत्त अकाउंटंट. पाच वर्षं रोज सकाळी आम्ही बरोबर फिरलो. मंडळाला मात्र त्यांची आठवण फक्त पंधरा ऑगस्टला यायची. एका वर्षी अध्यक्षांनी त्यांना स्टेजवर बसवलं आणि ‘शत्रूशी दोन हात केलेले आपले काका’ अशी ओळख करून दिली. अप्पांनी माईक घेतला.

“लढलो न्हाई मी. फौजेत खेचरं हाकली. वरच्या चौक्यांवर पीठ, रॉकेल न्यायचं, आन् येताना गेलेली पोरं खाली आणायची.”

कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांनी घाईघाईने समूहगीत सुरू करायला लावलं. पुढच्या वर्षी अप्पांना बोलावणं नव्हतं. खेचरांमुळे कार्यक्रमाचा दर्जा घसरतो ना!

बाकीचं त्यांनी मला फिरताना सांगितलं. चढ आला की ‘घाई केली की जनावर बसतंय’ म्हणत माझ्या चालीने चालायचे. एकदा बर्फात त्यांचं खेचर घसरलं, पाय मोडले, गोळी घालावी लागली. गोठलेली जमीन दिवसभर कुदळीने फोडून अप्पांनी त्याला पुरलं. साहेबाने झापलं. “झापू दे. त्याला माती दिली, मलाबी मातीच द्या. जाळू नका,” ते म्हणाले. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतातच.

अप्पा गेले त्या दुपारी मी त्यांच्या घरी गेलो, तर महेश दहनाची वेळ ठरवत होता. मी अप्पांची इच्छा सांगितली.

“काका, प्रॅक्टिकल व्हा. इथे कबरीसुद्धा पंधरा वर्षांनी उकरतात. दहन केलं की सुटसुटीत.”

शेजारी बसलेले अध्यक्ष मान डोलवत म्हणाले, “रविवारी श्रद्धांजली सभा आहे. त्याआधी आटपलेलं बरं.”

आटपलेलं… जणू फरशी पुसायची होती.

तेवढ्यात महेशची बायको मंजिरी आतून आली. पुण्याची. सोफ्यावर अप्पा बसायच्या आधी टॉवेल अंथरते म्हणून मी तिला मनातून तुच्छ लेखत आलो होतो. सोफा चामड्याचा, जनावराच्या कातड्यावर बसायला अप्पाच तयार नसत, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे त्या खोलीतल्या मूर्खांत मीही होतोच.

“जाळायचं नाही,” ती म्हणाली. “चुवा चू कांगच्या दफनभूमीत जागेची चौकशी मी केलीय.”

“कधी?” महेशने विचारलं.

“ते हॉस्पिटलात होते तेव्हा. तुला सांगायला तू होतास कुठे?”

महेशने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दफनाला आम्ही अकरा माणसं. अध्यक्षांनी मोबाइलवर बिगूल लावला. मध्येच शाम्पूची जाहिरात वाजली. मंजिरीने त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद केला. तिनेच अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, हातात इष्टलिंग ठेवलं. महेश बुटांना चिखल लागू नये म्हणून फळीवर उभा होता. तिथूनच त्याने चिमूटभर माती टाकली आणि रुमालाला हात पुसले.

हल्ली सकाळी मंजिरी माझ्याबरोबर फिरायला येते. कॉन्डोमागच्या चढावर मला धाप लागते. ती पुढे जात नाही की हात धरून ओढत नाही. बाजूने, माझ्याच चालीने चालते. परवा मी म्हटलं, “तू हो पुढे.”

“नको काका. चढावर घाई केली की जनावर बसतं,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.